बोललं की मुकं

आमच्या शेडमध्ये रिबिटं बोलतात. बाहेरच्या कुणाला हे सांगितलं की तो माझ्याकडे अशा नजरेने बघतो की हिला आता घरी पोचवून यावं. म्हणून आधी नीट सांगते.

आम्ही रुग्णवाहिकांचं आतलं अंग बनवतो. भिंती, छत, कपाटांची दारं. गाडीच्या सांगाड्यावर पांढरी पॅनेलं बसवायची आणि ती प्लास्टिकच्या रिबिटांनी जखडून टाकायची. प्लास्टिकची अशासाठी की गाडी आतून रोज औषध घातलेल्या पाण्याने धुतात, लोखंड गंजून डाग पडतील. बोटाच्या पेराएवढी वस्तू असते. वर टोपी, मधून आरपार एक दांडी. रिबिट भोकात घालायचं, दांडीवर रिबिट ओढायच्या गनचं तोंड बसवायचं आणि ओढायचं. दांडी ओढली गेली की पलीकडच्या बाजूला रिबिटाच्या पाकळ्या फाकतात आणि पॅनेल घट्ट धरतात. मग दांडी मोडून गनमध्ये येते. सगळा कारभार अलीकडूनच. पलीकडे हात जात नाही, नजर जात नाही. पाकळ्या फाकल्या की नाहीत हे सांगायला तिकडे कुणी बसलेलं नसतं.

मग कळायचं कसं, तर कानाने. रिबिट नीट बसलं तर दांडी मोडताना ‘टच्’ असा कोरडा आवाज येतो. भोक जरा मोठं पडलं किंवा दांडी आधीच तुटली तर आवाज बसका येतो, ओल्या लाकडावर टिचकी मारल्यासारखा. पहिलं ते बोललं, दुसरं ते मुकं. वरून बघाल तर दोन्हींच्या टोप्या सारख्याच गोऱ्यागोमट्या. म्हणून आमच्याकडे रिवाज असा की ओढणारीने दर वेळी मोठ्याने सांगायचं, बोललं की मुकं. मुकं असलं तर ड्रिल लावून उडवायचं आणि नवं घालायचं. नव्या बायका पहिल्या दिवशी हसतात. मीही हसले होते. जाऊबाईंनी नुसतं वळून पाहिलं आणि माझं हसू जागच्या जागी विरलं.

जाऊबाई म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची बायको. आम्ही एकाच घरात राहतो, एकच चूल. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा त्या शेडमध्ये जुन्या झाल्या होत्या, आणि मला तिथे चिकटवलं तेही त्यांनीच. शेडमध्ये त्यांना सगळ्या मास्तरीणबाई म्हणतात. दोन टेबलं सोडून पलीकडे कुणी रिबिट ओढलं तरी यांची मान वर व्हायची आणि म्हणायच्या, ‘ते मुकं गेलं तुझं, काढ.’ ती बाई ओशाळून ड्रिल उचलायची. फोरमनसुद्धा नव्या बायकांना आणून यांच्या स्वाधीन करायचा आणि निर्धास्त व्हायचा. त्या मला रडवून शिकवत होत्या, हे खोटं कशाला बोलू? पण त्यांच्या हाताखाली जी तयार झाली तिचं पॅनेल कधी परत आलं नाही.

घरातही तोच दरारा. बाहेरच्या खोलीत बसून त्यांना चुलीवरचं दूध वर आलेलं कळायचं. मी शेजारीच उभी असून मला कळायचं नाही आणि वर बोलणी खायची मीच.

तर अशा बाईचं दूध एक दिवस उतू गेलं. त्या स्वयंपाकघरातच होत्या, पाठ करून भांडी लावत होत्या. मला आत कुठेतरी बरं वाटलं. चला, म्हटलं, देवही कधीतरी पेंगतो.

नंतर मात्र त्यांचं वागणंच बदललं. मी काही विचारलं की उत्तर नाही. दुसऱ्यांदा विचारलं की, ‘ऐकलं गं,’ आणि करायच्या भलतंच. मी सांगितलं साबण संपला, तर दार उघडायला गेल्या. रेडिओ इतका मोठा लावायच्या की माझा नवरा म्हणायचा, वहिनी अख्ख्या गल्लीला फुकट बातम्या ऐकवते. तो हसायचा. मला मात्र राग यायचा, कारण मला वाटायचं त्या मुद्दाम करताहेत. मी बोलले म्हणजे जणू भिंत बोलली. माझा स्वभाव मुळातच तिखट, मीही तोंड फिरवायला लागले. कितीतरी आठवडे आम्ही दोघी एका चुलीपाशी फुगून बसत होतो आणि त्यातल्या एकीला भांडण चालू आहे याचा पत्ताच नव्हता.

मला कळलं ते शेडमध्ये, टेबलावर. छताचं पॅनेल होतं. छताचं म्हणजे खाली स्ट्रेचर येतं, त्यावर माणूस उताणा पडलेला असतो. जाऊबाईंनी रिबिट ओढलं. आवाज बसका आला, अगदी शिकाऊ पोरीलाही कळेल असा. त्या म्हणाल्या, ‘बोललं,’ आणि पुढच्या भोकाकडे गेल्या.

माझ्या हातातली गन तशीच राहिली. आधी वाटलं थट्टा करताहेत, माझी परीक्षा घेताहेत. मी म्हटलं, जाऊबाई, ते मुकं होतं. त्या पुढचं रिबिट घालतच होत्या. मग मी त्यांच्या कोपराला हात लावून तेच पुन्हा सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. ओठ वाचावेत तसं. आणि त्याच क्षणी मला दूध, साबण, रेडिओ सगळं लख्ख दिसलं. इतके दिवस मी एका बहिऱ्या होत चाललेल्या बाईशी अबोला धरून बसले होते. मला माझीच लाज वाटली.

त्यांनी ड्रिल घेतलं आणि ते रिबिट उडवलं. मग म्हणाल्या, या नव्या गनचीच भुणभुण फार. त्यात खोटं काही नव्हतं. पूर्वी हाताने दाबायची गन होती, पकडीसारखी. दांडी मोडली की झटका मनगटात कळायचा. बॅटरीच्या गना आल्या आणि सगळा हातच थरथरायला लागला, त्यात झटका कुठला आणि गन कुठली ते समजेना. मला वाटतं कान त्यांचा बराच आधी गेला असावा. तोवर मनगटाने निभावून नेलं होतं.

त्या दिवसापासून त्या रिबिट ओढायच्या, माझ्याकडे बघायच्या आणि मग सांगायच्या. आम्ही ठरवलं काहीच नव्हतं. त्यांनी मागितलं नाही, मी देते म्हटलं नाही. पण टेबलाच्या समोरच्या बाजूला मी, माझा चेहरा सरळ असला की बोललं, कपाळाला आठी पडली की मुकं. एकदा माझी दाढ ठणकत होती. सकाळभर मी वाकडं तोंड करून उभी, आणि या बिचाऱ्या चांगली ठणठणीत रिबिटं एकामागून एक ड्रिलने उडवताहेत. शेवटी मी गालाकडे बोट दाखवून दाढ, दाढ म्हणाले, तेव्हा त्यांनी हातातलं ड्रिल खाली ठेवलं. आम्ही दोघी हसलो. खूप दिवसांनी हसलो. पण त्या हसताना माझ्याकडेच बघत होत्या, केव्हा थांबायचं ते कळावं म्हणून.

मी कानाच्या डॉक्टरांचा विषय काढला. एकदा नाही, बऱ्याचदा काढला. सुरुवातीला त्यांनी न ऐकल्याचं सोंग केलं, आणि ते सोंग त्यांना छानच जमायचं. शेवटी एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. ओरडून भांडले म्हणा ना. तेव्हा म्हणाल्या, ‘कानात यंत्र घालून गेले की मला खोकी भरायला बसवतील. नाही बसवणार? तुझा तो फोरमन गोड बोलून बसवेल. मी तिथे मास्तरीण आहे म्हणून इथेही मला कुणी वर तोंड करून बोलत नाही. ते गेलं की मी कोण, सांग.’

मी म्हटलं, तुम्ही जाऊबाई. त्यांना ते ऐकू गेलं की नाही माहीत नाही. चिमटे तोंडात धरून त्या चादरीच्या पलीकडे गेल्या.

मग मी तापाने पडले. आठवडाभर अंथरुणातून उठले नाही. त्या मात्र रोज गेल्या. माझ्या जागी समोर एक नवी बाई दिली होती, उंच, हसतमुख, दुसऱ्या कारखान्यातून आलेली. तिला सगळ्या उंटीण म्हणायच्या आणि तिलाही ते चालायचं. तापातसुद्धा माझ्या डोक्यात एकच होतं, की त्या आता कुणाच्या तोंडाकडे बघत असतील? नवऱ्याला सांगावंसं वाटलं. पण त्याला सांगितलं म्हणजे थोरल्या दिरांना कळलं, आणि त्यांना कळलं म्हणजे घरात जाऊबाईंची मान खाली गेली. मी पांघरूण ओढून गप्प राहिले. जाऊबाई संध्याकाळी येऊन माझ्या कपाळावर हात ठेवायच्या. विचारलं की म्हणायच्या, सगळं ठीक.

गाडी परत आली ती मी कामावर रुजू झाल्यावर काही दिवसांनी. खड्ड्यात आदळली आणि छताचं पॅनेल एका बाजूने सुटून खाली लोंबलं. स्ट्रेचरवर तेव्हा कुणी नव्हतं. बाजूला बसलेल्या मदतनिसाच्या खांद्याला लागलं. फोरमनने पॅनेल काढून आमच्यासमोर उलटं ठेवलं. पलीकडची बाजू अशी उघडी पडलेली आम्ही सहसा बघत नाही. एका कडेच्या रिबिटांच्या पाकळ्या फाकलेल्याच नव्हत्या. भोकातून नुसती चोच बाहेर काढून बसल्या होत्या. पॅनेलवर शिक्का आमच्या टेबलाचा, आणि आठवडा मी घरी होते तो.

फोरमन माणूस वाईट नाही. त्याने आरडाओरडा केला नाही. पण त्याच्या डोक्यात हिशेब सरळ होता. टेबलावर दोघी होत्या, एक मास्तरीणबाई आणि एक नवी. तो उंटिणीकडे बघायला लागला. ती म्हणाली, मी ओढलेलं प्रत्येक रिबिट मी ऐकलंय. त्यावर तो म्हणाला, असं सगळ्याच म्हणतात. तिचे कान जाग्यावर आहेत की नाहीत ते आत्ताच बघू, आणि नसतील तर तिने उद्यापासून येऊ नये.

परीक्षा त्याने अशी काढली. भंगारातलं एक पॅनेल घ्यायचं, त्यात काही भोकं बरोबर आणि काही मुद्दाम मोठी पाडायची. उंटिणीने रिबिट ओढायचं. जाऊबाईंनी पाठ करून उभं राहायचं आणि आवाजावरून सांगायचं, बोललं की मुकं. मग उंटिणीने स्वतःचं सांगायचं. दोघींचं जुळलं नाही तर चूक उंटिणीची. फोरमन सगळ्यांकडे बघून म्हणाला, या शेडमध्ये मी डोळे झाकून विश्वास ठेवतो तो फक्त यांच्या कानावर.

सगळ्या बायका जमल्या. जाऊबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी पदर खोचला, पॅनेलकडे पाठ केली, आणि माझा हात धरून मला खेचलं. आजवर त्यांनी या गोष्टीबद्दल माझ्याकडे शब्दाने काही मागितलं नव्हतं.

‘तू माझ्यासमोर उभी राहा,’ त्या म्हणाल्या.

मी उभी राहिले. शेडमध्ये इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. पहिलं रिबिट ‘टच्’ झालं. मी सरळ बघितलं. ‘बोललं,’ जाऊबाई म्हणाल्या. मागून उंटीणही म्हणाली, बोललं. दुसरंही तसंच. तिसऱ्याला आवाज बसका आला. माझ्या कपाळाला आठी पडली, जाऊबाई म्हणाल्या ‘मुकं,’ आणि उंटीण म्हणाली मुकं. फोरमनने मान डोलावली.

त्या वेळी मला कळलं की हे असंच पार पडणार. उंटीण सुटेल, जाऊबाई सुटतील, फोरमन म्हणेल भोकं चुकीची पडली असतील, ड्रिलची सुई झिजली असेल. आम्ही दोघी घरी जाऊ. आणि उद्या मी पुन्हा त्यांच्यासमोर उभी. परवाही. मला सर्दी झाली, मुलाच्या शाळेत जावं लागलं, मी पायरीवरून पडले, की त्या दिवसाची छतं अशी चोच काढून बाहेर पडणार. मी जाऊबाईंकडे बघितलं. त्यांचे डोळे माझ्या तोंडाला चिकटले होते. मला त्या क्षणी त्यांची फार माया आली. त्यांनी मला शिकवलं होतं, माझ्या बाळंतपणात रात्रीचा दिवस केला होता, आणि आता त्या माझ्या कपाळाकडे बघत उभ्या होत्या.

मी मान वळवली. भिंतीकडे तोंड केलं.

मागे रिबिट ओढलं गेलं. आवाज बसका आला. सगळ्यांनी ऐकला.

गनची भुणभुण थांबलेली तेवढी जाऊबाईंना कळली असणार. मग त्यांचा आवाज आला, नेहमीसारखाच ठाम. ‘बोललं.’

उंटीण म्हणाली, मुकं. म्हणताना तिचा आवाज चिरकला, कारण आता आपलं काही खरं नाही असं तिला वाटलं असणार. पण कुणी तिच्याकडे बघतच नव्हतं. फोरमनने तिला खूण केली, अजून एक. ते चांगलं खणखणीत ‘टच्’ झालं. मला जाऊबाई दिसत नव्हत्या, पण त्या माझ्या मानेकडे बघताहेत हे कळत होतं.

‘मुकं,’ त्या म्हणाल्या.

फोरमन गनवर हात ठेवून उभा राहिला. मग अगदी हळू, घरातल्या मोठ्या माणसाशी बोलावं तसं म्हणाला, बाई, राहू द्या, बसा. सगळ्यांना ऐकू आलं. जाऊबाई तशाच पाठमोऱ्या, मान जराशी कलती करून पुढच्या रिबिटाची वाट बघत उभ्या होत्या. उंटिणीने पुढे होऊन त्यांच्या खांद्याला हात लावला तेव्हा कुठे त्या वळल्या. सगळ्यांचे चेहरे बघितले. तेवढं त्यांना पुरलं.

पुढचं थोडक्यात सांगते. फोरमनने त्या आठवड्यातल्या गाड्या परत मागवायला फोन लावले. उंटिणीला त्याने चहा मागवला आणि तिने तो जाऊबाईंच्या हातात दिला. जाऊबाईंनी तो घेतला नाही. त्यांनी आपली गन पुसली, जागेवर टांगली, डब्याची पिशवी उचलली आणि बाहेर पडल्या. मी त्यांच्यामागे गेले. कुणी आम्हाला अडवलं नाही.

फाटकाबाहेर रस्त्याला कामगारांची गर्दी होती. एक पाळी सुटत होती, दुसरी येत होती, बसथांब्यावर रांग लागली होती. जाऊबाई भराभर चालत होत्या. मी मागून दोनदा हाक मारली आणि मग माझ्याच लक्षात आलं की काय करतेय मी. पळत जाऊन त्यांच्यापुढे उभी राहिले. त्या थांबल्या. रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

‘मान का वळवलीस?’ त्यांनी विचारलं.

हे असं उत्तर होतं की जे जवळ घेऊन, कानाशी सांगावं. मी तसंच सांगितलं. ‘छताखाली माणूस झोपतो, जाऊबाई.’

‘काय?’

मी जरा मोठ्याने सांगितलं. एक ट्रक गेला. त्यांनी कपाळाला आठ्या घालून माझ्या ओठांकडे बघितलं आणि पुन्हा म्हणाल्या, काय? मग मी ओरडले. रस्त्यात, लोकांच्या गर्दीत, गळ्याच्या शिरा ताणून ओरडले, ‘छताखाली माणूस झोपतो!’ बसथांब्यावरची अख्खी रांग वळून आमच्याकडे बघायला लागली. दोन जावा रस्त्यावर भांडताहेत, एवढंच त्यांना दिसलं असेल.

जाऊबाईंना ऐकू आलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि कितीतरी दिवसांनी तोंडाकडे नाही, डोळ्यांत.

‘मग पहिल्याच दिवशी का नाही वळवलीस?’ त्या म्हणाल्या. ‘मी तर रोज बघत होते तुझ्याकडे.’

रांगेतले लोक अजून बघत होते. जाऊबाईंच्या हातातली पिशवी मी घेतली. त्यांनी ती घेऊ दिली, आणि आम्ही घराकडे चालू लागलो.